आधी इचारलं का?

माझ्या बँकेच्या कार्डाचा पिन नांदेडच्या एका कापड दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होता. सेल्समनला, चहावाल्याला, व्याह्यांना, विहीणबाईंना आणि पायरीवर चपला सांभाळणाऱ्या म्हातारीलासुद्धा. कोणी चोरला नव्हता. मीच सांगितला होता, गादीच्या या टोकावरून त्या टोकाच्या गल्ल्यापर्यंत, खणखणीत आवाजात. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पाढे म्हणवून घेतलेला घसा. त्याला कुजबुजणं माहीतच नाही. वर पुन्हा शेठजींना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून एकेक आकडा सुटा करून सांगितला.

तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. म्हणजे अल्लडच. आज पंच्याहत्तरीतून त्या पोरीकडे वळून पाहते तेव्हा तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

पण ही गोष्ट त्या बावळट पोरीची नाही. ही आमच्या आक्कांची आहे. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राहायला लोह्याला. आणि आक्कांना फुकटची कोथिंबीर चालत नाही.

खरंच चालत नाही. लोह्याच्या बाजारात भाजीवाली सवयीने वरून चार काड्या टाकते. आक्का पिशवीत हात घालतात, त्या काड्या वेचून बाहेर काढतात आणि परत तिच्या पाटीत ठेवतात.

"मला इचारलं का, कोथमीर पाहिजे का म्हून?"

"आजी, फुकट हाय की!"

"फुकट हाय तर तुज्या घरी ने. पिशवी कोनाची हाय?"

हा प्रश्न आक्का सगळ्या जगाला विचारतात. ऑटोवाल्याने न विचारता शेजारी खताचं पोतं टाकलं तर आक्का भर रस्त्यात उतरतात आणि उरलेली वाट चालत जातात. ऑटोवाला बिचारा शेजारून हळूहळू ऑटो चालवत गयावया करत राहतो. दवाखान्यातला कंपाउंडर सुई घेऊन आला की म्हणतात, "आधी इचार." तो विचारतो, "आजी, इंजेक्शन देऊ का?" आक्का म्हणतात, "न्हाई." आणि गोळ्या घेऊन घरी येतात.

एकदा मी त्यांना फोन लावला तर पलीकडून कोणीतरी ढोल बडवत लग्नाचं गाणं म्हणायला लागला. आक्कांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांना स्वतःला ते गाणं कसं ऐकू येणार? पण महिन्याला त्याचे पैसे मात्र कापले जात होते. आक्का तडक मोबाइलच्या दुकानात. "माज्या फोनात हा कोन नाचून राहिला? कोनी घातला? मला इचारलं का?" दुकानदार म्हणाला, सगळ्यांच्याच फोनात येतं, कंपनीच टाकते. आक्का म्हणाल्या, "कंपनीला बोलीव." कंपनी काही आली नाही, पण गाणं गेलं.

तुम्ही म्हणाल, बाई खडूस दिसते. आहेच. पण निदान बेइमान नाही. जे जगाकडून मागते ते स्वतःही पाळते. स्वतःच्या गोठ्यात शिरतानाही बाहेरून आवाज देते. घरी गेलात तर विचारेल, "बसता का? पानी देऊ का? पंखा लावू का?" आणि तुम्ही जे म्हणाल ते प्रमाण. इथेच आमचा मराठवाडा मार खातो. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही 'नको' म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा समोरच्याने जबरदस्तीने ताटात भाकरी टाकायची असते. आक्का पहिल्या 'नको'ला भाकरीचं टोपलं झाकून ठेवतात.

नवी नवरी असताना मी पहिल्यांदा लोह्याला गेले होते. आक्कांनी विचारलं, "कुसुम, भाकर वाढू का?" मी शालीन. नवी कोरी शालीन. मान खाली घालून "नको" म्हणाले आणि आग्रहाची वाट पाहत बसले. आग्रह आलाच नाही. त्या दिवशी मी लोह्यात उपाशी झोपले आणि नवऱ्याला म्हटलं, तुमची बहीण माणसात नाही. नवरा म्हणाला, "तू नको म्हणालीस ना?" म्हणजे खानदानच तसलं.

तर नातीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. मुलगा देगलूरचा. आम्ही लातूरचे. मग बस्ता नांदेडला बांधायचा ठरला, दोघांनाही सोयीचं म्हणून. बस्त्याला अख्खं गणगोत जातं, गादीवर मांडी घालून बसतं, शेठजी साड्यांचे ढीग फोडतात, दुपारचं जेवणही दुकानातच होतं आणि संध्याकाळी माणसं उठतात तेव्हा त्यांना स्वतःचे गुडघे ओळखू येत नाहीत.

आक्कांना मात्र नेलं नाही. घरात एकमत झालं. माझा मुलगा अविनाश म्हणाला, "आत्या आली तर शेठ दुकान बंद करून पळून जाईल." सगळे हसले. मीही हसले. आक्कांसाठी नेहमीप्रमाणे बिस्किटी रंगाची साडी घ्यायची ठरलं. आमच्या घरात कुणाचंही लग्न असो, आक्कांना बिस्किटी. तरुणपणीच त्यांचे मालक गेले, तेव्हापासून हा रंग त्यांना कोणी लावून दिला देव जाणे; बस्त्याच्या यादीत तो मीठ-मिरचीसारखा आपोआप येतो.

मानपानाच्या साड्या माझ्या पेन्शनमधून घ्यायच्या, हा माझा हट्ट. म्हणून सकाळीच मी कार्ड शेठजींच्या हातात दिलं. "राहू द्या तुमच्याजवळ, अजून घ्यायचं आहे." केवढा तो रुबाब! आमच्या लहानपणी खरेदीला गेलं की वडील पैशाची पिशवीच दुकानदाराकडे ठेवायला देत. ती माणसं वेगळी, ती पिशवी वेगळी. पिशवीत पाहिलं की किती उरलेत ते दिसायचं. हे कार्ड म्हणजे विहीर. वरून पाहिलं तर पाणी किती ते कळत नाही, आणि मी दोर, पोहरा, रहाट सगळं शेठजींच्या स्वाधीन करून पुरीभाजी खायला बसले.

पसंत केलेल्या मालाचं बिल झालं. काही साड्या मात्र आम्ही बाजूला काढून ठेवल्या होत्या. विहीणबाईंना त्यांच्या घरी विचारून ठरवायचं होतं. मी शेठजींना दोनदा सांगितलं, "ह्या पक्क्या नाहीत. उद्या फोनवर कळवते." शेठजींनी कार्ड परत दिलं आणि म्हणाले, "आई, तुमचंच दुकान आहे."

आमचंच दुकान. पुढे कळलं की आमचंच दुकान असलं तरी गल्ला त्यांचा होता.

परतीच्या वाटेवर फोनमध्ये पैसे कापल्याचा मेसेज उशिराने आला. थोड्या वेळाने दुसरा आला. मी मनात म्हटलं, बँकेला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय असेल, मलाही आहे. आणि फोन पिशवीत टाकून डुलकी काढली. पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेली बाई ही! दोन मेसेजमधले आकडे वेगळे आहेत एवढं पाहायचं तिला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या गाडीने घरी गठ्ठा आला. त्याच साड्या. न सांगितलेल्या, न कळवलेल्या. आत बिल, बिलावर 'पैसे मिळाले'. बावीस हजार. विहीणबाईंनी तर तोपर्यंत त्यातली एकही नको म्हणून कळवलं होतं.

शेठजींना फोन केला. ते मधाळ हसले. "आई, बाजूला काढल्या म्हणजे मनात भरल्याच ना? पिन तर तुम्हीच दिला होता. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला पुन्हा हेलपाटा कशाला?"

मी गठ्ठा दिवाणाखाली ढकलला. कारण घरात कळलं असतं तर अविनाश एकच वाक्य बोलला असता: "आई, आता तू कशाला त्रास घेतेस?" ह्या वाक्याला मी वाघाला घाबरावं तशी घाबरते. अविनाश क्लासला फिजिक्स शिकवतो, मोठा प्रेमळ मुलगा आहे, आणि प्रेमाने माणसाला घरातल्या घरात निकामी कसं करावं हे त्याच्याकडून शिकावं. ह्याच वाक्याने माझी स्कूटी विकली गेली. मी भजनाला गेले होते, परत आले तर अंगणात नुसता तेलाचा डाग. आता हे कार्ड तेवढं माझं उरलं होतं. ते गेलं असतं तर पुढे दोन रुपयांची सुई आणायलाही मला मुलापुढे हात पसरावा लागला असता. बावीस हजार बुडाले असते तरी मी जेवले असते. कार्ड गेलं असतं तर घशाखाली घास उतरला नसता.

सांगायचं कुणाला? हसणाऱ्यांना तर सांगायची सोय नव्हती. ज्यांना हसून मागे टाकलं होतं, त्यांनाच फोन केला.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं तुला इचारलं का?"

"नाही."

"मंग झालं तर. बँकेत जा. मंग ये."

आपल्याला बस्त्याला का नाही नेलं, हे त्यांनी विचारलं नाही.

बँकेतली मुलगी चुणचुणीत होती. तिने माझ्यासमोरच कार्ड बंद केलं आणि म्हणाली, "आजी, पिन तुम्हीच मोठ्यानं सांगितलात, ते तुमच्या विरोधात जाईल. असं पुन्हा कधीच करू नका, शेठ कितीही घरचा असला तरी. पण तक्रार आत्ताच लेखी द्या, म्हणजे पुढचा तरी धोका टळेल. आणि तुम्हाला न विचारता पैसे ओढायचे, न मागितलेला माल गळ्यात मारायचा, हे त्या दुकानदाराचं चूकच आहे. आधी त्याच्याकडे पैसे परत मागा, पण तेही लेखी. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथं वकील लावलाच पाहिजे असं नाही."

वकिलाची मला गरज नव्हतीच. मी नांदेडच्या एसटीत बसले. लोह्याला आक्का चढल्या. कंडक्टरने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला. "मागितला का?" म्हणाल्या आणि स्वतः वर आल्या.

दुकानात दुसऱ्याच कुणाचा तरी बस्ता चालला होता. वीसेक माणसं गादीवर, साड्यांचा चिखल झालेला. आम्ही गठ्ठा गल्ल्यापाशी ठेवला. शेठजींनी हात जोडले. "या आई, या! अरे, दोन चहा सांग."

"चहा इचारून सांगितला का?" आक्का म्हणाल्या. "नको."

मी तक्रारीचा कागद पुढे केला. शेठजींनी तो न वाचता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

आक्कांना वाचता येतं, पण सावकाश. त्यांनी पाटी पूर्ण वाचली. मग म्हणाल्या, "विकला कवा?"

"अहो आजी, यांनी पिन दिला. पिन दिला म्हणजे परवानगीच दिली की."

"म्या तुला पानी प्यायला घराची किल्ली दिली, तर तू म्हैस सोडून नेशील का?"

गादीवरचं कुणीतरी फिसकन हसलं. शेठजींचा मध जरा पातळ झाला. "हे बघा, पैसे परत होत नसतात. फार तर तेवढ्याचा दुसरा माल घ्या."

"दुसरा माल पाहिजे का, हे तरी इचारलं का?"

"मग नेमकं पाहिजे काय तुम्हाला?"

"हां," आक्का म्हणाल्या. "आता इचारलंस. तिचे पैसे."

शेठजी गिऱ्हाइकाकडे वळले, जसं काही आम्ही तिथे नव्हतोच. चूक झाली त्यांची. आक्का गेल्या आणि त्या परक्या बस्त्यात, नवरीच्या आईशेजारी मांडी घालून बसल्या. म्हणजे आधी विचारलं, "बसू का?" ती बाई आपली सवयीने "बसा की, आत्याबाई" म्हणाली.

"कोन्या गावच्या?"

"कंधारच्या."

"पोरगी गोड हाय. कारड कुठंय तुमचं?"

"अं?"

"पैशाचं कारड. त्या गल्ल्यावर पडलंय, ते तुमचंच का? न्हाई, पडू द्या. या माज्या भावजयीचं बी असंच पडलं व्हतं. ही शिकलेली हाय, मास्तरीन हाय, तरी पडलं व्हतं."

त्या बाईने गल्ल्याकडे मान वळवली. मग नवरीचा बाप उठला. मग एक मामा उठला. मामा गल्ल्यापाशी जाऊन म्हणाला, "शेठ, कार्ड द्या बरं जरा. सहजच." आक्का मामांकडे कौतुकाने पाहत होत्या. माझी मान खाली गेली होती, आणि खोटं कशाला सांगू, हसू आवरत नव्हतं.

शेठजींनी गठ्ठा उघडायला सांगितला.

एकेक साडी गादीवर ठेवत आक्का डाग नाही, घडी मोडली नाही असं दाखवत गेल्या. शेठजींनी मशिनीवर काहीतरी दाबलं, उलट्या पैशाची पावती दिली आणि दोन-चार दिवसांत खात्यात येतील म्हणाले. मी ते पावतीवर त्यांच्या सहीनिशी लिहून घेतलं. एवढी अक्कल तोपर्यंत आली होती.

निघताना पाहिलं, आक्का त्या साड्यांच्या थप्पीपाशी अजून बसलेल्या. थप्पीवर सगळ्यात वर मोरपंखी साडी होती. आक्कांचा हात त्या थप्पीवर होता, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. हात फिरत नव्हता. नुसता होता. मी पाहतेय असं दिसताच त्यांनी तो काढला आणि गुडघ्यावर टेकून उठल्या.

बसस्टँडवर आलो तर अविनाशचा फोन. बँकेतल्या त्या मुलीचा भाऊ त्याच्याच क्लासला होता. लातूरमध्ये कुणाचं ना कुणाचं पोर क्लासला असतंच. तिथे गुपित राखायचं तर निपुत्रिक माणसाकडे जावं लागतं.

"आई, कार्ड बंद केलंस म्हणे? काय झालं? जाऊ दे, नवीन आलं की माझ्याकडेच ठेवतो. आता तू कशाला त्रास घेते..."

आक्कांनी विचारलं, "घेऊ का?" मी फोन दिला.

"अविनाश, आत्या बोलून राहिले. कारड कोनाचं हाय? मंग तिला इचारलं का? ...न्हाई, आता इचार. म्या थांबते."

फोन पुन्हा माझ्या कानाला लावला. पलीकडे अविनाशने घसा खाकरला. मग फिजिक्सचे सर अगदी लहान आवाजात म्हणाले, "आई, कार्ड... तुझ्याकडेच राहू दे का?"

"राहू दे," मी म्हणाले.

लातूरची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आक्कांनी पिशवीतून शेंगा काढल्या, "खाती का?" विचारलं. मी पहिल्याच झटक्याला "हो" म्हणाले. एवढी वर्षं लागली मला, पण शिकले.

शेंगा सोलता सोलता मला ती मोरपंखी दिसायला लागली. घरी कपाटात ती बिस्किटी साडी घडी घालून तयार होती. मनात आलं, आक्कांना इथेच बसवावं, पटकन दुकानात जाऊन मोरपंखी आणावी आणि लग्नात एकदम अंगावर टाकावी. चकित होतील, रडतील बिडतील. मी उठलेसुद्धा. पर्स काखेला लावली.

आणि मग पुन्हा खाली बसले. नवी कोरी शालीन होते तेव्हापासून ह्या बाईला ओळखते मी. शेंगा, पाणी, पंखा, किती काय काय विचारलं तिने मला आजवर. मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"आक्का," मी म्हटलं, "ती मोरपंखी तुम्हाला आवडली का? लग्नात नेसाल का?"

आक्कांनी हातातली शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले. खाल्ले नाहीत. समोर देगलूरची गाडी लागली, भरली, निघून गेली. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"ती न्हाई गं. तिच्या खाली जांभळी व्हती, लाल काठाची. ती."